दाजींनी अडवलेला शत्रू

सत्यवान सुभेदारांनी मुलगी द्यायची की नाही हे सिनेमा बघून ठरवायचं म्हटलं, तेव्हा सिद्धेशला आनंद झाला. तो सिनेमा बघितलेल्या दुसऱ्या कुठल्याही माणसाला झाला नसता.

प्रकरण साधं होतं. तोंडवलीचा सिद्धेश आणि आतल्या काजूवाल्या गावातली वर्षाली यांचं कुडाळच्या कॉलेजपासून जुळलेलं होतं. वर्षाली आता कणकवलीला बँकेत होती. सिद्धेश पुण्याला जाऊन सिनेमा शिकून आला होता आणि 'काय करता?' या प्रश्नाला 'सिनेमा केलाय' असं भूतकाळात उत्तर द्यायचा. वर्षालीचे वडील फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. माणूस बघायचा तर त्याचं काम बघावं, असं त्यांचं मत. सुतार असेल तर त्याने केलेलं दार लावून बघायचं, गवंडी असेल तर भिंतीवर पाणी मारून बघायचं.

"पोरग्यान पिच्चर केल्लो आसा मां?" ते वर्षालीला म्हणाले. "मगे दाखव म्हणा. बघतंय आणि सांगतंय. होय तर होय, नाय तर नाय."

सिनेमा युद्धाचा आहे हे कळल्यावर तर त्यांनी कपाटातून इस्त्रीचा शर्ट काढला.

सिनेमाचं नाव 'सीमेवरचं गवत'. लांबी पावणेचार तास. एक चौकी, चौकीवर एक शिपाई, समोर छातीएवढं गवत आणि गवताच्या पलीकडे शत्रू. शिपाई शत्रूची वाट बघतो. मध्यंतर होतं. मध्यंतरानंतर तो पुन्हा वाट बघतो. शेवटी एक निरोप्या येतो आणि सांगतो की युद्ध मागच्याच आठवड्यात संपलं, तुला कळवायचं राहून गेलं. अधूनमधून सिद्धेशच्या स्वतःच्या आवाजात, झोपलेलं कोणी उठू नये अशा बेताने, काही प्रश्न विचारले जातात. सगळं चित्रीकरण तोंडवलीच्याच वाळूच्या टेकाडांमागे झालेलं. शिपाई म्हणजे गावातला सहदेव. तो वर्षानुवर्षं दशावतारात राक्षस होतो आणि एका रात्रीत दोन-तीन युद्धं सहज उरकतो. त्याला सिद्धेशने एकच सूचना दिली होती, "काही करू नकोस." सुरुवातीला सहदेवला हा अपमान वाटला. मग जमलं.

दाखवायची जागा ठरली ती गावातला बंद पडलेला बर्फाचा कारखाना. खिडक्या नाहीत, त्यामुळे भर दुपारीही अंधार, आणि आत अजून थंड वाटतं. तो गारवा भिंतींना सवयीने लागलेला असावा. रविवारी जेवून सगळा गाव आपापल्या खुर्च्या घेऊन आला. सुभेदारांना पहिल्या रांगेत मधोमध बसवलं. एका बाजूला वर्षाली, दुसऱ्या बाजूला सिद्धेशचे वडील दाजी.

आता, आमच्याकडे कुठलंही काम गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही. नवी होडी असो, क्रिकेटचा सामना असो की एसटीचा नवा थांबा, आधी देवाला हाक मारून सांगायचं, आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. गावात गाऱ्हाणं घालण्याचा मान दाजींचा. ते पडद्यासमोर उभे राहिले, नारळ ठेवला आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज हय तुजी सगळी लेकरां जमली हत. माज्या झिलान एक पिच्चर केल्लो आसा, तेका येस दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या पिच्चराच्या वाटेत जो कोण वैरी, जो कोण शत्रू येयत, तेका थयच्या थय आडव, आणि इल्ल्या वाटेन मागे परतव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठ्याने सुभेदार म्हणाले.

सिनेमा सुरू झाला. गवतावर सूर्य उगवला. तो खऱ्या सूर्याला लागतो तेवढाच वेळ घेऊन उगवला. सुभेदारांनी उजव्या हाताची करंगळी मिटली. वर्षालीने ते बघितलं आणि सुटकेचा निःश्वास टाकला. वडिलांची पद्धत तिला ठाऊक होती. उजवा हात गुणांचा, डावा दोषांचा. तिच्या दहावीच्या मार्कांपासून ते घरी आणलेल्या म्हशीपर्यंत सगळ्यांचा निकाल या दोन हातांवर लागला होता.

मग सहदेवने गवताकडे बघायला सुरुवात केली.

"हे गवत कोणाचं?" पडद्यावरून सिद्धेशचा आवाज कुजबुजला.

"माज्या दिराचा!" मागून यमुनाबाई म्हणाली. ती मालवणच्या बाजारात मासे विकते, त्यामुळे तिचा आवाज पहिल्यापासून शेवटच्या गिऱ्हाइकापर्यंत पोचतो. "सातबारो आमच्या नावार आसा!"

"वारा कुठून येतो?" आवाजाने विचारलं.

"खाडीसून!" तीन-चार जणांनी सांगितलं.

"आपण ज्याची वाट बघतो, तो आपल्याला ओळखत असेल का?"

"आदी येवंदे तरी," कोणीतरी म्हणालं.

सुभेदारांनी डाव्या हाताचं एक बोट मिटलं.

पहिल्या तासाच्या शेवटी यमुनाबाई घरी गेली, भात टाकला, उतरवला आणि परत आली.

"काय झाला गो?" तिने शेजारणीला विचारलं.

"मुंगळो दिसलो."

"खंय?"

"गेलो."

मध्यंतरात सोडा-सरबत झालं. दाजी पहिल्या रांगेत मान खाली घालून बसले होते. ते चिंतन करत असावेत असं सिद्धेशला वाटलं, पण मधूनच त्यांनी घोरून खुलासा केला. दुसऱ्या भागात ढग आले, ढग गेले, सहदेवने चहा केला, चहा निवला. निवलेला चहा तो ज्या तोंडाने प्याला ते बघून सुभेदारांनी उजव्या हाताचं आणखी एक बोट मिटलं. निरोप्या आला, युद्ध संपलं, दिवे लागले. तेव्हा सुभेदारांच्या दोन्ही मुठी घट्ट मिटलेल्या होत्या आणि ते कोणाला तरी ठोसा मारण्याच्या तयारीत आहेत असं दिसत होतं.

ते उठले आणि गावाकडे तोंड करून उभे राहिले. सिद्धेश भिंतीला टेकला. त्याची आई यशोदा दारात पदर धरून उभी होती.

"पाच गुण, पाच दोष," सुभेदार म्हणाले. "गवात बरा घेतलेला आसा. वाऱ्याचो आवाज खरो. राखणेचो मानूस असोच आसता, तेच्या तोंडार काय आसना नाय. सहदेव ब्येस."

"सहदेव बोलना नाय तेवा बरोच दिसता," यमुनाबाई म्हणाली.

"पण लांब किती! आणि मदी मदी तो कोण कानात इचारता, तो कित्याक व्हयो? शिपायान शर्टाचो बटान लावक नाय. तासभर बंदुक पुसूक नाय. ता रवांदे. उजवो आणि डावो सारको झालो, म्हणान आता एकच गोष्ट इचारतंय." ते सिद्धेशकडे वळले. "शत्रू कित्याक इलो नाय?"

सिद्धेश याच प्रश्नाची वाट बघत होता. "शत्रूची अनुपस्थिती हीच खरं तर त्याची उपस्थिती आहे," तो म्हणाला. सिनेमाविषयी बोलताना तो पुण्याच्या मराठीत जायचा आणि तिथून त्याला परत आणणं कठीण व्हायचं.

"म्हंजे इल्लो, पण दिसाक नाय?"

"नाही, तो आलाच नाही."

"मगे उपस्थित कसो?"

हजेरीच्या बाबतीत फौजेतल्या माणसाला फसवता येत नाही. सिद्धेश उत्तर जुळवत होता, तेवढ्यात यमुनाबाई उभी राहिली.

"तेका कित्याक इचारतास, सुभेदारानु? शत्रू येतलो कसो? दाजीन गाऱ्हाण्यात तेका इल्ल्या वाटेन परतवल्यान मां!"

मग एकेक मान दाजींकडे वळली. दाजी नुकतेच जागे झाले होते. त्यांना आधी काही कळेना. मग हळूहळू कळलं, आणि ते खुर्चीत ताठ झाले.

"बाबांचा काय संबंध?" सिद्धेश म्हणाला. "सिनेमा चार महिन्यांपूर्वी पुरा झालाय. त्यात शत्रू नव्हताच. सहदेवदादा, सांग ना."

"नाय होतो," सहदेव प्रामाणिकपणे म्हणाला. "शूटिंगाक मी रोज वाट बघी."

"शूटिंगाच्या आदी मूर्ताचो नारळ कोणी फोडल्यान?" यमुनाबाईने विचारलं. "गाऱ्हाणा कोणी घातल्यान? दाजीनच! माज्या डोळ्यादेखत. 'जो कोण शत्रू आसात तेचो बंदोबस्त कर' म्हणान सांगल्यान. तुमी सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हटलास. मी म्हटलंय!"

अनेकांना आपण तेव्हा किती मोठ्याने 'व्हय' म्हटलं होतं ते आठवलं आणि जरा अपराधी वाटलं.

"माजा गाऱ्हाणा वाया जाणा नाय," दाजी खोल आवाजात म्हणाले.

सुभेदारांनी दोन्ही मुठी उघडल्या. "म्हंजे माजो निकाल रद्द," ते म्हणाले. "शत्रू नाय इलो ह्यो पोरग्याचो दोष न्हय, पण पोरग्यान शत्रू कसो आणल्लो आसतो ता पण कळाक नाय. दाजीनु, तुमी गाऱ्हाणा मागे घेवा. फुडच्या आयतवारी पिच्चर परत लावा. शत्रू येवंदे, नायतर नको येवंदे. मी मगेच सांगतलंय."

"गाऱ्हाणा कोण मागे घेता?" दाजी भडकले. "माज्या बापाशीन घेवक नाय, आज्यान घेवक नाय!"

"झिलाचा लगीन व्हया काय गाऱ्हाण्याचा नाव व्हया?" दारातून यशोदा म्हणाली.

दाजींनी विचार केला. विचाराला जरा जास्तच वेळ लागला, पण शेवटी ते म्हणाले, "बघूया."

तो आठवडा दाजींचा होता. माडांवरच्या माकडांना परतवा म्हणून दोघे जण येऊन गेले. होडीवाल्यांनी परराज्यातल्या ट्रॉलरांचा विषय काढला. पडद्यावरचा शत्रू अडतो तर पाण्यातला का नाही, असं त्यांचं म्हणणं. दाजी प्रत्येकाला चहा पाजून 'बघूया' म्हणत होते. घरात ते आता दार उघडं असलं तरी खाकरून आत येऊ लागले.

सिद्धेशला मात्र झोप नव्हती. त्याने वर्षालीला फोन केला.

"गाऱ्हाणं मागे घेतलं म्हणून कोणी येणार नाहीये," तो म्हणाला. "सिनेमात जे आहे तेच दिसणार."

"मग घाल ना एक शत्रू," वर्षाली म्हणाली. "छोटासा घाल. बाबांना एक बोट मिटायचंय फक्त."

"मग सिनेमाचा अर्थच जाईल."

"आणि नाही घातलास तर काय जाईल, ते पण बघ."

तिने फोन ठेवला. बघायला फार काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सिद्धेश कॅमेरा घेऊन टेकाडांमागे गेला. सहदेव दशावतारातल्या राक्षसाचा पोशाख घेऊनच आला होता. सिद्धेशने तो परत पाठवला आणि त्याला साधा खाकी शर्ट दिला. शत्रूने लांबच्या सुरूच्या बनातून निघायचं आणि गवतातून कॅमेऱ्याकडे चालत यायचं, एवढंच. सहदेव निघाला.

"जवळ येव?" त्याने लांबून ओरडून विचारलं.

"थांब जरा!" सिद्धेश ओरडला. "उजेड छान आहे!"

उजेड दुपारपर्यंत छान होता. सहदेव दिवसभर सुरूच्या बनापाशीच राहिला. संध्याकाळी सिद्धेशने ते चित्र संगणकावर पाहिलं, तर शत्रू मोहरीएवढा दिसत होता आणि त्याच्या शेजारी चरणारा एक बैल त्याच्यापेक्षा धोकादायक वाटत होता. त्याला आणखी जवळ आणायचं धाडस सिद्धेशला झालं नाही. त्याने ते चित्र सिनेमात घातलं नाही आणि वर्षालीला तसा निरोप पाठवला. उत्तर आलं नाही.

रविवारी बर्फाच्या कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. शत्रू येतो की नाही ते बघायला शेजारच्या गावांतूनही माणसं आली होती. दाजी धूतवस्त्र नेसून आले. नारळ ठेवताना त्यांनी तो दोनदा फिरवून बघितला, कारण हे काम त्यांच्या घराण्यात नवीन होतं.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"मूर्ताक आणि गेल्या आयतवारी जेका तू वाटेत आडवलंस, तेका आता सोड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"पण सगळी फौज नको. चार-पाच जण पुरे. आणि तेंका पडद्यातच रवांदे, भायर येवक दिव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हे मात्र सगळ्यांनी मनापासून म्हटलं. पहिल्या रांगेतल्यांनी खुर्च्या थोड्या मागे सरकवल्या.

दिवे गेले. गवतावर सूर्य उगवला आणि कोणी खोकलं नाही. सगळा गाव गवताकडे बघत होता. ज्या गवतातून रोज शौचाला, सरपणाला, चुकलेल्या वासराला शोधायला जायचे, त्याच्या प्रत्येक पात्यावर आता नजर होती. डावीकडे काहीतरी हललं.

"इलो!" कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालं.

टिटवी होती. ती उडाली, तेव्हा शंभर माणसांनी एकदम श्वास सोडला.

"कोणी आहे का तिकडे?" पडद्यावरून आवाजाने विचारलं. या वेळी उत्तर द्यायची कोणाची हिंमत झाली नाही. यमुनाबाईने शेजारणीचा हात धरला होता आणि तिला भाताची आठवणही नव्हती. सहदेव चहा करायला खाली वाकला, तर मागून एक म्हातारा कळवळून म्हणाला, "आता नको रे, मेल्या! फुडे बघ!" खुद्द सहदेव चौथ्या रांगेत बसला होता. त्याने ते ऐकलं आणि मान हलवली. खरंच तेव्हा फुडे बघायला हवं होतं, असं त्याला वाटलं.

सिद्धेश मागच्या भिंतीपाशी उभा होता. हे चित्र त्याने शेकडो वेळा पाहिलं होतं. गवतात कुठे टिटवी आहे, कुठे वाऱ्याचा झोत येतो, सगळं त्याला पाठ होतं. त्यात कोणी नाही, हे साऱ्या जगात त्याच्याइतकं खात्रीने कोणालाच माहीत नव्हतं. आणि तरी तो टाचा उंचावून गवताच्या कडेकडे बघत होता. आला तर त्याच्या सगळ्या विचारांवर पाणी, आणि वर्षालीशी लग्न. एका क्षणी तर तो मनातल्या मनात 'व्हय म्हाराजा' म्हणाला आणि स्वतःवरच चिडला.

मध्यंतरात दिवे लावू दिले नाहीत. दिवे लावले आणि नेमका तेव्हा आला तर?

शेवटी निरोप्या आला. तो गवतातून बाहेर पडताच कारखान्यात एकच आरडाओरडा झाला. "वाक रे, सहदेवा!" "बंदुक घी!" दोघे जण उठून दाराकडे धावले. गोंधळ शमेपर्यंत निरोप्या बोलून मोकळा झाला होता, म्हणून सिद्धेशला शेवट मागे नेऊन पुन्हा लावावा लागला. युद्ध मागच्याच आठवड्यात संपलं. तुला कळवायचं राहून गेलं. सहदेवने पडद्यावर टोपी काढली, समोर गवताकडे बघितलं. सिनेमा संपला.

दाराकडे धावलेले दोघे परत येऊन आपापल्या खुर्च्यांवर बसले.

"म्हंजे तो पण थय बसान ह्येचीच वाट बघी होतो," यमुनाबाई हळूच म्हणाली. "पलीकडचो. तेका पण कोणी सांगूक नसतला." तिने पदराने नाक पुसलं. "काय तरी वायट दिवस."

एवढंच समजावून सांगण्यासाठी सिद्धेशने परदेशातल्या एका महोत्सवाला चार पानं लिहून पाठवली होती, आणि ती त्यांना समजली नव्हती.

आता सगळे सुभेदारांच्या हातांकडे बघू लागले. हात खुर्चीच्या दांड्यांवर होते, दांडे घट्ट धरून. एकही बोट मोजलेलं नव्हतं. त्यांनी ते सोडवले, बोटं चोळली.

"पिच्चर लांब आसा," ते म्हणाले. "मदलो एक तास कापूक व्हयो."

"कुठला तास?" सिद्धेशने विचारलं.

"खयचोय."

एवढं बोलून ते दाराकडे निघाले. निकाल दिलाच नाही. दारात थांबून म्हणाले, "माका घराकडे सोड."

वर्षाली तिच्या स्कूटीवरून आधीच निघून गेली होती. सिद्धेशने सुभेदारांना मोटरसायकलवर मागे बसवलं. रस्ता चढावर लागला, माड मागे राहिले, काजूच्या बागा सुरू झाल्या. ऊन तिरपं झालं होतं. वळणावर एक म्हैस रस्त्याच्या मधोमध बसून रवंथ करत होती, आणि दोन्ही बाजूंना इतकी चिंचोळी जागा की गाडी जाईना.

सिद्धेशने गाडी थांबवली. हॉर्न वाजवला नाही. म्हैस बघत होती, तो म्हशीकडे बघत होता. मग त्याने इंजिनही बंद केलं. मागे सुभेदार तसेच बसून राहिले. कितीतरी वेळ गेला. एक पोपट ओरडून गेला. अखेर म्हैस उठली, आधी मागचे पाय, मग पुढचे, आणि आपल्या मर्जीने खाली वाटेला लागली.

"आमचीच ती," सुभेदार मागून म्हणाले. "दगड मारलंस तर दोन दिस दूध देणा नाय."

घरासमोर पोचल्यावर ते उतरले, शर्ट नीट केला. शेणाने सारवलेलं अंगणाचं खळं होतं, पलीकडे वर्षाली खांबाला टेकून उभी होती. सिद्धेश गाडीवरच बसून राहिला.

"मे म्हयन्यात आंब्या-काजूची कामा आसतत," सुभेदार पाय धुता धुता म्हणाले. "तेच्या आदीच उरकया."

"काय?" सिद्धेश म्हणाला.

सुभेदारांनी तांब्या खाली ठेवला आणि वर्षालीकडे बघितलं. "ह्येका सगळा सांगूक लागता काय गो?"

"हो, बाबा."

"बरा," ते म्हणाले. "भायर कित्याक उबो रे? भितर ये, जेव."

सिद्धेश उतरला. खळ्यावर झाडांच्या सावल्या लांबत चालल्या होत्या, आणि त्या बघत तो पायरीशी क्षणभर थांबला. मग आणखी थोडा थांबला. तेव्हा वर्षालीने पुढे होऊन त्याच्या हातातलं हेल्मेट काढून घेतलं आणि त्याला बाही धरून आत ओढलं.